आईच्या पोटानं जुळवलेली गाडी

आमच्या आईला गाडी लागायची. आता गाडी पुष्कळांना लागते, त्यात प्रकरण लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण त्यानं आमच्या आईला बसमध्ये बसलेलं पाहिलेलं नाही. बस बेळगावच्या स्टँडमधून हलायच्या आधीच, नुसत्या डिझेलच्या वासानं तिचा चेहरा उतरायचा. काकतीच्या चढाला ती डोळे मिटायची, आणि हत्तरगीच्या पुढं तर कंडक्टरच आपणहून खिडकीजवळच्या माणसाला उठवून तिला जागा करून द्यायचा. लिंबू हुंगून झालं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून झाला, उपाशीपोटी बसून झालं, भरल्यापोटी बसून झालं. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून पोटाला ओला टॉवेल बांधून झाला. त्यात लुगडं भिजलं एवढाच फायदा. आणि ही बाई एरवी विंचू चिमट्यात धरून बाहेर नेऊन टाकणारी. कशालाही न भिणाऱ्या माणसाला स्वतःचंच पोट असं खाली मान घालायला लावतं, हे तिला फार लागायचं. परतल्यावर दोन दिवस ती कुणाशी धड बोलायची नाही.

बेळगावातल्या वडगावात आमचं घर म्हणजे पुढं माग आणि मागं माणसं. भिंतीपलीकडं आमच्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, पॉवरलूम खटाक-खटाक चालायचे, आणि त्या आवाजात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो आणि झोपलो. दुपारी लाइट गेली की एकदम शांतता व्हायची आणि पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागायचं. जेवताना 'चटणी वाढ' हेसुद्धा ओरडून सांगावं लागे. त्यामुळे आमच्या घरची माणसं आजही मोठ्यानं बोलतात. माझे जावई पहिल्यांदा आले तेव्हा आत भांडण लागलंय समजून दारातच थांबले होते. आई पहाटे भाकऱ्या थापायची, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची, आणि संध्याकाळी तयार साड्यांच्या घड्या घालता घालता कडेचा एखादा सुटलेला धागा न बघता नुसत्या बोटानं शोधून काढायची. तिच्या अंगाला जे कळायचं ते दुसऱ्याच्या डोळ्यालाही कळायचं नाही. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा उपयोग कुठं होईल ते माहीत नव्हतं.

आप्पांचा सगळा धर्म म्हणजे ताण. ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एक धागा जरी सैल राहिला तरी तो साडीत दिसतो, आणि एकदा दिसला की दिसतच राहतो, असं ते म्हणायचे. मागावरची ही शिस्त त्यांनी घरभर पसरवली होती. कपडे वाळत घालायची दोरी ताठ, बाजेची सुतळी ताठ, माझ्या वेण्या तर इतक्या ताठ की भुवया वर ओढल्या जायच्या. 'झोळ दिसतोय' ही त्यांच्या तोंडची सगळ्यांत मोठी शिवी होती. त्यांनी दुसरी कधी दिलेलीही मला आठवत नाही.

आईचं माहेर निपाणीच्या अलीकडं, तवंदीचा घाट उतरला की डाव्या हाताला आत. तिथं तिची थोरली बहीण, आक्का. आईची आई लवकर गेली, तेव्हापासून आक्कानंच तिला वाढवलं. माझ्या लहानपणी आक्का दर दिवाळीला आमच्याकडं यायची. पुढं तिची दृष्टी गेली आणि येणं थांबलं. आईनं जायचं म्हटलं तर वाटेत घाट. निपाणीला रेल्वे नाही. चिकोडी रोडला उतरलं तरी पुढं बस आहेच. दोनदा ती निघाली आणि दोन्ही वेळा संकेश्वराला उतरून, स्टँडवरच्या बाकावर तासभर पडून, परत आली. अशी किती वर्षं गेली ते मी सांगत नाही, कारण आई ते कधी बोलली नाही. त्या वर्षी निरोप आला की आक्काची मुलं सुरतेला मागावर कामाला लागली आहेत आणि दिवाळी झाली की आक्काला तिकडंच घेऊन जाणार आहेत. निरोप ऐकून आई उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

आमच्याकडं तेव्हा गाडी होती. रस्त्यावर त्या काळी मोटारी म्हणून दोनच तऱ्हेच्या दिसायच्या, त्यातली धाकटी. आप्पांनी ती साड्यांचे गठ्ठे पोचवायला म्हणून जुनी घेतली होती, पण क्लचचं आणि त्यांच्या पायाचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझा भाऊ अण्णा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होता. तो चालवायचा, पण तो चालवायला बसला की गाडीतली माणसं देवाचं नाव घ्यायची. राहता राहिले मी. कॉलेजात जाणारी पोरगी मोटार चालवते हे बघायला पहिले काही महिने आमच्या गल्लीत माणसं ओट्यावर येऊन बसत. मी काच पूर्ण खाली करून, कोपर बाहेर काढून जायची. मला गर्व होता, आणि आजही आहे. ज्यांना सोसत नाही त्यांनी हे पान उलटावं.

आईला गाडीतून नेऊ म्हटलं तर गाडी बसपेक्षा वाईट निघाली. जुन्या स्प्रिंगांवर ती प्रत्येक वळणाला अशी कलायची की आतला माणूस दाराला जाऊन चिकटावा. आम्ही जेमतेम काकतीपर्यंत पोचलो. आईनं रस्त्याच्या कडेला बसून तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "फिरव गं. न्हाय जमत मला. आक्काला सांगा, मी मेले म्हणून." आई असं बोलणारी नव्हती. परत येताना मी आरशातून मागं बघितलंच नाही.

अण्णाला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन नुसता "बघतो" म्हणाला. आठवड्यानं तो सायकलला बांधून दोन पोलादी दांडे घेऊन आला. कोल्हापूरचे एक हौशी गृहस्थ मोटारींच्या शर्यतींत भाग घ्यायचे. त्यांची गाडी झाडावर आदळून निकामी झाली होती आणि अण्णानं त्यांची पुष्कळ कामं केली होती, म्हणून त्यांनी ते त्याला काढून दिले. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. गाडीच्या पोटाखालून आडवा जाणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला दांडा. टोकं एकेका आखूड लोखंडी कांडीनं चाकांच्या बाजूला जोडलेली. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की दांडा पिळला जातो, आणि पीळ सोडवायच्या धडपडीत गाडीला सरळ धरतो. कंपनीचा एक बारीक दांडा आमच्या गाडीला पुढं होताच. हे दोन जाडजूड, एक पुढं, एक मागं. शिवाय त्यांच्या टोकांना तीन-तीन भोकं. कांडी अगदी टोकाच्या भोकात जोडली तर दांडा नरम, आतल्या भोकात जोडली तर कडक.

"आतल्या भोकात घाल," आप्पा लगेच म्हणाले. "आन् चांगलं ताणून घे. झोळ नको."

रविवारी आम्ही तिघं कामाला लागलो. गाडीची एक बाजू जॅकवर चढवून एक कांडी बसवली, मग दुसरी बाजू चढवून दुसरी. कांडीला आटे होते, फिरवली की लांबी कमीजास्त व्हायची. आप्पांनी ती फिरवून फिरवून इतकी घट्ट केली की दांड्यावर टिचकी मारली तर आवाज यावा. तो आवाज ऐकून ते प्रसन्न झाले. आम्हीही झालो. विणकराच्या पोटचे आम्ही. सैल ठेवायची एखादी वस्तू जगात असू शकते, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

आईला पुन्हा गाडीत बसवणं हे एक वेगळंच काम होतं. शेवटी मी म्हणाले, "आई, आक्काकडं न्हाय जायचं. नुसतं जांबोटीच्या रस्त्यानं जाऊन येऊ. म्हणशील तिथनं फिरवते." ती बसली. त्या रस्त्याला झाडी आहे आणि वळणांना तोटा नाही. गाडी आता कलत नव्हती, हे खरं. पण एका उजव्या वळणाला, लाल माती सांडली होती तिथं, मागची चाकं अशी सटकली की गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. बैल घेऊन चाललेला एक म्हातारा थबकला. काय झालं म्हणून त्यानं कन्नडमध्ये विचारलं. काही नाही आजोबा, म्हणून मी कन्नडमध्येच सांगितलं.

मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर उतरून चालत निघेल. ती पांढरीफटक पडली होती. पण डोळे मिटून ती म्हणाली, "नले, एक सांगू? डावीकडं वळलीस की काय न्हाय होत मला. उजवीकडं वळलीस की कुणीतरी मागनं लाथ घातल्यागत हुतंय. मगापासनं बघतोय मी. दर येळी उजवीकडंच."

"रस्ताच तसा असंल, आई."

"मग फिरव. येताना डावीची उजवी हुत्यात का न्हाय?"

मी फिरवली. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. परतीच्या वाटेवर प्रत्येक उजव्या वळणाला तिनं हात वर केला, डाव्या वळणाला एकदाही नाही. घरी येईपर्यंत तिला तीनदा उतरावं लागलं, पण दर वेळी तोंड पुसून ती परत येऊन बसली. इतकी वर्षं ज्या पोटानं तिची फजिती केली होती, ते पहिल्यांदाच काहीतरी कामाचं सांगत होतं, आणि तिला ते सोडवत नव्हतं.

अण्णानं गाडी सपाट जागी उभी केली आणि मागं जाऊन बघितलं. एक कोपरा बोटभर उचललेला होता. मग मी म्हणाले, जॅक न लावता, गाडी अशीच चाकांवर उभी असताना, एका बाजूचा बोल्ट काढून बघूया. अण्णानं पाना लावला. बोल्ट निघाला तशी कांडी टणकन उडाली आणि भोकापासून चांगली दोन बोटं लांब जाऊन थांबली. दांडा उभ्या गाडीतच पिळलेला होता. म्हणजे एका बाजूला वळताना त्याचा पीळ गाडीला धरणार आणि दुसऱ्या बाजूला वळताना उलटा तिला ढकलणार.

"सैल ठेवाया पायजे, आप्पा," मी म्हणाले. "गाडी सरळ चालत असंल तवा दांड्याला काय कामच नसाया पायजे."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घरात चप्पल घालून आले. "पन्नास वरसं मी ताण धरला. आन् तू मला सैल ठेव म्हणतीस?"

"मी न्हाय म्हणत. आईचं पोट म्हणतंय."

ते आत गेले. माग चालू झाला. त्या दुपारी आम्ही दोघं भावंडं गाडीच्या दोन बाजूंना दोन खांब असल्यासारखी बसून राहिलो. आप्पांनी नको म्हटलेली गोष्ट त्यांच्या अंगणात करायची आमची हिंमत नव्हती. आणि दिवाळी जवळ येत होती.

आई मध्ये पडली. तिनं काय सांगितलं ते मागाच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर कधी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय, चहा दिला." पण चहा पिऊन आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "गाडी खड्ड्यावर घे."

हा खड्डा सांगायला हवा. पॉवरलूम यायच्या आधी आप्पा हातमागावर बसायचे. आमच्याकडचा जुना हातमाग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावड्यांवर. माग गेला, वरचं छप्परही गेलं, पण खड्डा अंगणात तसाच होता, फळीनं झाकलेला. फळी काढून मी गाडी त्याच्या दोन बाजूंना चाकं ठेवून उभी केली. आप्पा खड्ड्यात उतरले. तरुणपणी ज्या जागी बसून त्यांनी लुगडी विणली होती त्या जागी ते उभे राहिले, आणि डोक्यावर ताण्याऐवजी गाडीचं पोट.

"दोघी बी बसा आत," ते खालून म्हणाले. "जशा जाणार तशा बसा. वजन असतानाच मोजायचं."

हे त्यांचं त्यांनाच सुचलं, आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. मी स्टिअरिंगवर, आई शेजारी. खालून पान्याचा आवाज येत होता. कांडी थोडी फिरवायची, बोल्ट घालून बघायचा, पुन्हा थोडी फिरवायची. अण्णा वाकून बघत होता. त्यानं हातोडी पुढं केली तशी आप्पा खेकसले, "हातोडी कशाला रं? बोटानं गेला पायजे." आणि खरंच, शेवटी तो बोल्ट दोन बोटांनी धरून त्यांनी आत सरकवला, काही जोर न लावता, सुईत दोरा जावा तसा. पुढचा तसाच, मागचा तसाच. वर आले तेव्हा कपाळावर ग्रीस होतं. म्हणाले, "ह्यो बी ताणच हाय. वळणावर धरायचा, सरळ वाटंला सोडायचा." आपली पन्नास वर्षांची श्रद्धा माणूस अशी एका दुपारी, कुणाला दोष न देता, थोडी सरकवून घेतो, हे मी त्यानंतर फार कमी बघितलं.

पुढच्या फेरीत आई म्हणाली, "आता दोनी अंगाला सारकं हुतंय."

"बरं वाटतंय?"

"न्हाय गं. सारकंच वाईट."

आम्ही हसलो, तीही हसली. पण आता दोष दांड्याच्या पिळाचा नव्हता, कडकपणाचा होता. मागचा दांडा आतल्या भोकात, म्हणजे सगळ्यांत कडक, म्हणून गाडीचं बूड वळणावर बाहेर पळायला बघायचं. आम्ही मागची कांडी टोकाच्या भोकात घेतली. तर आई म्हणाली, आता बूड बरं आहे, पण तोंड वळायला कंटाळतंय, आणि प्रत्येक खड्ड्यात पुढची दोन्ही चाकं एकदम धक्का देतात. मग पुढचा दांडा मधल्या भोकात. रोज संध्याकाळी माग बंद झाले की आम्ही जांबोटीच्या रस्त्याला लागायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा अण्णाचा दंडक. आई डोळे मिटून बसायची आणि आम्हाला सांगायची. ज्या दिवशी पुढं मधलं भोक आणि मागं टोकाचं झालं, त्या दिवशी वळणांच्या पूर्ण रस्त्यावर ती एकदाही न उतरता बसून राहिली. मी गाडी थांबवली तेव्हा ती म्हणाली, "का गं थांबलीस?"

पुढं ही गोष्ट कोल्हापूरच्या त्या गृहस्थांच्या कानावर गेली. ते आपली नवी गाडी घेऊन वडगावात आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, जरा बसून सांगता का?" आईनं आधी पदर तोंडाला लावला, मग चप्पल घातली. फेरी मारून आल्यावर त्यांना म्हणाली, "तुमची मागची बाजू लई ताठ हाय, दादा." त्यांनी निमूट एक भोक बदललं. त्यांच्यानंतर आणखीही माणसं आली. माझा नातू हल्ली मला सांगतो की आता गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर करतो. करत असेल. पण त्याला चहा-पोहे देऊन कुणी मानानं बसवत नसेल.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. आई नवं इरकल नेसली होती, मांडीवर खव्याच्या गोड कुंद्याचा डबा. अण्णा मागं. आप्पा आले नाहीत. माग सोडून ते कुठं जात नसत. पण निघताना त्यांनी चारही चाकांजवळ वाकून बघितलं. काकती गेलं, हत्तरगी गेलं. संकेश्वराला स्टँडवरचा तो बाक दिसला तेव्हा आईनं मान वळवून तो मागं जाईपर्यंत बघितला. घाट आला. मी अगदी सावकाश उतरवत होते, तेही कबूल करते. दांड्यांनी सगळं केलं असं मी म्हणणार नाही. निम्मा घाट उतरल्यावर आईनं कुंद्याचा डबा उघडला आणि बोटावर थोडा घेऊन खाल्ला. घाटात! अण्णानं मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला.

आक्का दारात बसली होती. आई तिच्यापुढं बसली तशी आक्कानं दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, मानेच्या मागं. पूर्वी कधी आई यायची ती नेहमी पाण्यानं थबथबलेल्या तोंडानं आणि गार पडलेल्या हातांनी, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

"तोंड कोरडं हाय की गं तुझं, शांते," ती म्हणाली. "चालत आलीस व्हय?"

"पोरीनं आणलं," आई म्हणाली, आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडून बघत राहिले. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

जेवणं झाली. आमच्या निघायच्या वेळी आई आक्काला म्हणाली, "चल, बस गाडीत. घाट चढून वर जाऊ आन् तुला परत आणून सोडते." आक्का नको नको म्हणत होती, दृष्टी गेल्यापासून घाटाच्या नावानं तिच्याही पोटात गोळा यायचा, दोघी बहिणी एकाच मातीच्या. आईनं तिला हाताला धरून पुढं बसवलं आणि आपण मागच्या सीटवर बसली, जिथं सगळ्यांत जास्त लागतं. "भ्याचं न्हाय," तिनं मागून आक्काच्या खांद्यावर हात ठेवला. "वळण आलं की मी सांगतो."

आक्कानं डोळे गच्च मिटून, दाराची कडी घट्ट धरली. मी गाडी घाटाला लावली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आई काही बोलली नाही. मी आरशात बघितलं, तर ती खिडकीतून बाहेर, खाली राहिलेल्या निपाणीकडं बघत होती आणि हसत होती. बऱ्याच वेळानं आक्का हळूच म्हणाली, "शांते, वळण यायला लागलं की सांग हां. मी आपली धरून बसलोय."

"सोड की आता," आई म्हणाली. "घाट संपला."